कवच कोणाचे?

वनस्पतिशास्त्राची थोडी तोंडओळख झाली की माणसाला एक खोड लागते. समोरच्याने बदामाला नट म्हटले की हा लगेच अडवतो: बदाम नट नाहीच. मग काजू? तोही नाही. पिस्ता, शेंगदाणा, चिलगोजा, ब्राझील नट, नारळ असे एकेक करून सगळे बाद होतात आणि यादीत उरतात हेझलनट, चेस्टनट आणि ओक वृक्षाचे फळ, म्हणजे बहुतेक मराठी घरांत कधी न येणारे तीन पाहुणे. ऐकणाऱ्याला गंमत वाटते आणि आजवर आपण चुकीचे बोलत होतो म्हणून तो थोडा ओशाळतोही. त्याने ओशाळण्याचे काही कारण नाही, असे मला या प्रकरणात म्हणायचे आहे. बदाम वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येत बसत नाही हे खरे, पण म्हणून ती व्याख्या हीच नटाची एकमेव खरी ओळख आणि बाकी सगळे अडाणीपण, हे मात्र खरे नाही. एखादी वर्गवारी कितपत चांगली हे ती कोणी केली यावरून ठरू नये. ती हातात घेतली तर न पाहिलेल्या गोष्टीबद्दल तिच्यावरून काय सांगता येते, यावर ते ठरावे. या कसोटीवर नट नावाच्या गोतावळ्याची निदान तीन-चार प्रकारे वाटणी करता येते. त्यांतली प्रत्येक कुठेतरी उपयोगी पडते आणि कुठेतरी फसते.

आधी ती शास्त्रीय व्याख्या नीट समजून घेऊ. त्यासाठी आंबा पुरतो. आंब्याला बाहेर साल, मध्ये गर आणि आत कोय असते. कोय म्हणजे बी, असे आपण सहज बोलून जातो, पण कोय फोडून पाहिली तर आत वेगळी, पातळ पापुद्र्याची बी निघते. साल, गर आणि कोयीचे टणक कवच हे तिन्ही मिळून फळाची भिंत होते. फुलातल्या बीजकोशाच्या भिंतीचेच हे तीन थर आहेत: बाहेरचा साल झाला, मधला रसाळ झाला, आतला लाकडासारखा कडक झाला. अशा फळाला अश्मगर्भी फळ म्हणतात, म्हणजे ज्याच्या पोटात दगड आहे ते. आता बदाम याच चौकटीत बसवून पाहा. झाडावरच्या बदामाला हिरवट, लवदार, चामड्यासारखे आवरण असते. तो आंब्याच्या सालीगराचा भाऊ, फक्त रस न धरलेला. फळ पिकले की हे आवरण उकलते आणि आत दिसते ते भोकाभोकांचे कवच ही बदामाची कोय. ती फोडून आपण खातो ती बी, आणि रात्रभर भिजवून जी तपकिरी साल सोलतो ते त्या बीचे आवरण. थोडक्यात, बदाम खाणारा माणूस कोयीतली बी खातो आणि गर टाकून देतो. आंबा खाणारा नेमका याच्या उलट वागतो. सुका जर्दाळू ज्यांनी बियांसकट आणला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. वरचा गर खाऊन झाल्यावर आठळी फोडून आतला इवलासा 'बदाम' काढणे हे त्या खाण्यातले निम्मे सुख असते. जर्दाळू आणि बदाम ही एकाच प्रजातीसमूहातली, गुलाबाच्या कुळातली झाडे आहेत, त्यामुळे ते साम्य योगायोगाचे नाही.

शास्त्रीय अर्थाने नट, ज्याला मराठी परिभाषेत कपाली म्हटले जाते, तो याहून वेगळा. त्यात फळाची सगळी भिंतच कडक, लाकडी होते. मधे गर नाही, आत वेगळी कोय नाही. फळ पिकल्यावर आपण होऊन फुटत नाही आणि आत सहसा एकच बी असते. हेझलनट हे याचे चोख उदाहरण. म्हणजे सगळा प्रश्न एका ओळीत मावतो: जे कवच तुम्ही फोडता ते कोणाचे? हेझलनटचे कवच म्हणजे अख्खे फळ. बदामाचे आणि पिस्त्याचे कवच म्हणजे फळाच्या भिंतीचा फक्त आतला थर. नारळाची करवंटीही तीच. वरचे सोडण हा मधला थर, इथे रसाऐवजी काथ्याने भरलेला. खोबरे म्हणजे आतल्या बीमधला अन्नसाठा, आणि शहाळ्याचे पाणी हा त्याच साठ्याचा अजून घट्ट न झालेला भाग. चिलगोज्याचे कवच मात्र फळाचे नव्हेच. हिमाचलातल्या किन्नौर भागात ज्या पाइनच्या शंकूंतून चिलगोजे निघतात, त्या झाडाला फूलही नसते आणि फळही नसते. बिया शंकूच्या खवल्यांवर उघड्या बसलेल्या असतात, म्हणून ते कवच थेट बीचे. ब्राझील नटचेही तसेच. ॲमेझॉनच्या जंगलात त्याचे फळ तोफेच्या गोळ्यासारखे खाली पडते आणि त्या गोळ्यात संत्र्याच्या फोडींसारख्या दाटीने बसलेल्या तिकोनी बिया असतात. आपण फोडतो ते बीचे कवच. लहानपणी खेळलेला सागरगोटा आठवला तर बीचे स्वतःचे कवच किती टणक होऊ शकते याची कल्पना येईल.

भुईमुगाची गोष्ट सर्वांत चमत्कारिक. त्याचे पिवळे फूल जमिनीच्या वर येते. फलन झाले की बीजकोशाखालचा देठ वाढू लागतो, खाली वळतो आणि जमिनीत घुसतो. शेतकरी त्याला आऱ्या सुटणे म्हणतात. आऱ्या मातीत शिरल्यावर टोकाशी अंधारात शेंग धरते. आपण जे टरफल फोडतो ती शेंगेची भिंत, आणि त्यावरची जाळीदार नक्षी म्हणजे तिच्यातल्या रसवाहिन्यांच्या शिरा. मूग, तूर, हरभरा यांच्या शेंगांची ही सख्खी बहीण आहे. फरक इतकाच की ती सुकल्यावर आपोआप तडकत नाही. इथे मराठीला एक दाद द्यायला हरकत नाही. इंग्रजांनी तेलाची चव ओळखून या दाण्याला जमिनीतला नट म्हटले, मराठी शेतकऱ्याने झाडाचा पाला आणि शेंग पाहून त्याला जमिनीतला मूग म्हटले. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या परक्या झाडाचे कूळ आपल्या नावात अचूक उतरले आहे. पण लगेच भाषेचा उदोउदो करायलाही नको. हीच मराठी बोंडूच्या टोकाला लोंबणाऱ्या काजूला 'काजूबी' म्हणते, आणि तिथे ती फसली आहे. बोंडू हा फुगलेला देठ आहे. त्याच्या टोकाशी लोंबणारी, मूत्रपिंडाच्या आकाराची काजूबी हेच खरे फळ, आणि बी तिच्या आत आहे. त्या बीला कोकणात काजूगर म्हणतात.

इथवर आल्यावर खोडी काढणारा म्हणेल, मग माझेच बरोबर ठरले ना? व्याख्या नेमकी आहे, आणि बदाम तिच्यात बसत नाही. याचे पहिले उत्तर इतिहासात आहे. नट हा शब्द वनस्पतिशास्त्राने घडवलेला नाही. लॅटिनमध्ये 'नुक्स' हा शब्द अक्रोड, बदाम, हेझलनट अशा सगळ्या कवची फळांना लावत, आणि त्याचेच लघुरूप असलेला 'न्यूक्लिअस' आज अणूच्या आणि पेशीच्या गाभ्याला चिकटला आहे. फळांची अंतर्रचना बारकाईने पाहून त्यांचे प्रकार पाडण्याचे काम पुढे खूप उशिरा सुरू झाले. जोसेफ गेर्टनर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1788 पासून प्रसिद्ध केलेला फळे आणि बिया यांवरचा ग्रंथ हा त्या अभ्यासाचा पाया मानला जातो. नंतरच्या अभ्यासकांनी फळांचे प्रकार वाढवत नेले, प्रत्येकाने नवी नावे पाडली, आणि जिथे नवे नाव सुचले नाही तिथे बाजारातला जुना शब्द उचलून त्याचा अर्थ आवळला. नट हा असा उसना घेतलेला शब्द आहे. उसने घेणाऱ्याने मूळ मालकालाच 'हे तुझे नव्हे' म्हणावे, तसला हा प्रकार. भौतिकशास्त्रात 'कार्य' या शब्दाला नेमका अर्थ आहे म्हणून दिवसभर ओझे धरून एका जागी उभ्या राहिलेल्या हमालाने काम केलेच नाही, असे कोणी म्हणत नाही.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे, कारण ते त्या व्याख्येच्या आतलेच आहे. अक्रोड घ्या. त्याच्या टणक कवचावर झाडावर असताना हिरवे, मांसल आवरण असते. ते हाताला काळे डाग पाडते. वरून पाहिले तर ही सरळ आंब्यासारखी रचना: बाहेर मांसल, आत दगड. म्हणून अनेक पुस्तके अक्रोडाला अश्मगर्भी म्हणतात. पण फुलापासून फळापर्यंत त्याची वाढ पाहणाऱ्यांना आढळले की त्या हिरव्या आवरणात फुलाच्या पाकळीवजा दलांचा आणि फुलाखालच्या छदांचाही वाटा असतो. ते निव्वळ बीजकोशाच्या भिंतीतून आलेले नाही. तसे असेल तर ती फळाची भिंत नव्हेच, आणि अक्रोड पुन्हा नट ठरतो. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत आजही दोन्ही मते सापडतात, आणि काहींनी वैतागून त्याला तिसरेच नाव देऊन टाकले आहे. त्यात भर म्हणजे अक्रोडाचे कूळ हेझलनट, चेस्टनट आणि ओक यांच्याच गणात येते. म्हणजे नात्याने तो खऱ्या नटांच्या पंगतीतला, दिसायला मात्र आंब्याच्या पंगतीतला. फळाचा प्रकार ही रचनेची नोंद आहे, नात्याची नव्हे, हे यावरून उघड होते. एकाच गणात वेगवेगळ्या घडणीची फळे असू शकतात आणि दूरदूरच्या कुळांत सारखीच घडण स्वतंत्रपणे उगवू शकते. नारळ हा ताड-माडांतला, बदाम गुलाबाच्या कुळातला आणि अंगणातला देशी बदाम हिरडा-बेहड्याच्या कुळातला. तिघेही अश्मगर्भी, पण तिघांचे एकमेकांशी जवळचे काही नाही.

तिसरे उत्तर चेस्टनटचे. व्याख्येप्रमाणे हा अस्सल नट. पण खाऊन पाहिला तर तो नटासारखा लागतच नाही. बदामाच्या वजनात निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो, अक्रोडात जवळपास दोन-तृतीयांश, शेंगदाण्यातही निम्म्याच्या जवळ. चेस्टनटमध्ये तो दोन-तीन टक्क्यांच्या घरात, बाकी पिष्ट आणि पाणी. भाजला की तो रताळ्यासारखा मऊ होतो. भूमध्य समुद्राकाठच्या डोंगराळ भागांत, विशेषतः कॉर्सिका बेटावर आणि इटलीच्या काही भागांत, त्याचे पीठ करून भाकरी आणि लापशी करत आले आहेत. आपल्याकडे त्याच्याशी तुलना करायची तर बदामाशी नव्हे, शिंगाड्याशी करावी लागेल. म्हणजे शास्त्रीय वर्गवारीच्या आधारे एखादी नवी वस्तू 'नट आहे' एवढेच कोणी सांगितले, तर तिच्यात तेल आहे का, ती वाटून घट्ट रस्सा होईल का, सहा महिन्यांनी खवट होईल का, यांतले काहीच ठरवता येणार नाही. ती झाडावर आपोआप उकलणार नाही आणि फोडावी लागेल, इतके मात्र खात्रीने सांगता येईल. ज्याला बिया कशा पसरतात हे अभ्यासायचे आहे त्याला एवढे ज्ञान मोलाचे आहे. स्वयंपाक करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

मग कोणती वर्गवारी जास्त बोलकी? माझे मत कुळाच्या बाजूने पडते, आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या अंगणातले आहे. आंबा, काजू, पिस्ता, चारोळी आणि बिब्बा ही पाचही झाडे एकाच कुळातली. आंब्याची आपण गरासाठी लागवड करतो, काजू-पिस्त्याची बीसाठी, चारोळी विदर्भ आणि मध्य भारतातल्या जंगलांतून 'चार' या फळाची आठळी फोडून मिळते, आणि बिब्ब्याच्या आतल्या गराला आपण गोडंबी म्हणतो, जी हिवाळ्यातल्या डिंकाच्या लाडवांत पडते. उपयोग वेगळे, नावे वेगळी. पण आंबा उतरवणाऱ्याला विचारा: देठाचा चीक अंगावर उडाला तर कातडी उतते. काजूबी फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल का लावतात? कारण तिच्या भिंतीच्या मधल्या थरात मधाच्या पोळ्यासारखे कप्पे असतात आणि त्यांत भरलेला तेलकट द्रव कातडी जाळतो. बिब्ब्याचे तेल तर याहून जहाल. त्याचा काळा, न धुतला जाणारा डाग धोब्यांनी कपड्यांवर खूण करण्यासाठी पिढ्यान्पिढ्या वापरला. या तिन्ही द्रवांत एकाच घराण्यातली रसायने आहेत, आणि अमेरिकेतली पॉइझन आयव्ही ही कुप्रसिद्ध वेलही याच कुळातली. म्हणजे एक झाड ओळखीचे असले की त्याच्या अनोळखी भावंडाला हात लावताना जपावे, हे कुळ सांगते. फळाचा प्रकार ते कधीच सांगणार नाही.

बिब्बा आणि काजू यांच्या नात्याची खूण शास्त्रीय नावातही उरली आहे. मध्ययुगीन युरोपातले औषधविक्रेते बिब्ब्याला 'अनाकार्डियम' म्हणत. फळाचा आकार हृदयासारखा म्हणून हे नाव. ब्राझीलहून काजू युरोपीयांच्या हाती लागला तेव्हा त्यांना त्यात हीच घडण दिसली, आणि लिनियसने 1753 मध्ये काजूला 'अनाकार्डियम ऑक्सिडेंटाले', म्हणजे पश्चिमेकडचा बिब्बा म्हणता येईल असे नाव दिले. मूळ बिब्ब्याला पुढे 'सेमेकार्पस', म्हणजे खुणेचे फळ, हे नाव मिळाले. जुने नाव त्याच्या मागे शेपटासारखे राहिले. साम्य केवळ कवचातल्या तेलापुरते नाही. काजूचा बोंडू जसा फुगलेला देठ, तसाच बिब्ब्याच्या काळ्या फळाला धरून बसलेला केशरी, मांसल भाग असतो, आणि जंगलालगतची माणसे तो वाळवून खातात. काजू सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्याला लागला. 'काजू' हा शब्दही तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आला. कोकणाच्या डोंगरउतारांवर या झाडाने इतके बस्तान बसवले की ओल्या काजूगरांची उसळ आणि बोंडूची फेणी यांच्याविना तिथला उन्हाळा सरत नाही. पण त्याचा आशियातला भाऊबंद आपल्याच रानात, आधीपासून उभा होता.

कुळाच्या बाजूने दुसरी साक्ष वैद्यकाची. काही माणसांच्या शरीराला विशिष्ट नटांतली प्रथिने सोसत नाहीत आणि थोडासा अंश पोटात गेला तरी श्वास कोंडण्यापर्यंत वेळ येते. ज्यांना काजू सोसत नाही त्यांतल्या पुष्कळांना पिस्ताही सोसत नाही, आणि ज्यांना अक्रोड सोसत नाही त्यांना बहुधा पिकन सोसत नाही. काजू-पिस्ता एका कुळातले, अक्रोड-पिकन दुसऱ्या. प्रथिनांची घडण कुळागणिक मिळतीजुळती असते, म्हणून हे घडते. यावर एक रास्त आक्षेप येईल. शेंगदाणा जर मुगाचा भाऊ, तर शेंगदाणा न सोसणाऱ्याला मूग-मसूरही वर्ज्य हवेत. प्रत्यक्षात त्यातले बहुतेक जण डाळी आरामात खातात, आणि उलट काहींना अगदी दूरच्या कुळांतले नट सोसत नाहीत. हा आक्षेप खरा आहे आणि तो कुळाच्या वर्गवारीची मर्यादा दाखवतो. बीमध्ये अंकुरासाठी साठवलेली प्रथिने सगळ्याच बियांत एका व्यापक जातकुळीची असतात, त्यामुळे दूरच्या झाडांतही त्यांचे चेहरे जुळू शकतात. शिवाय कोणते प्रथिन किती आहे, ते शिजवल्यावर तग धरते की मोडते, यावरही बरेच अवलंबून असते. म्हणून कुळ हे शक्यता सांगते, खात्री देत नाही. पण शक्यता सांगणे हेही काही कमी नाही.

कायद्याला मात्र शक्यतांवर भागत नाही, त्याला यादी लागते. पाकिटावर इशारा छापताना नट कशाला म्हणायचे हे ठरवावेच लागते. युरोपीय संघाच्या यादीत झाडावरचे आठ नट आहेत: बदाम, हेझलनट, अक्रोड, काजू, पिकन, ब्राझील नट, पिस्ता आणि मॅकाडेमिया. शेंगदाण्याला स्वतंत्र जागा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आपली यादी याहून लांब ठेवली होती; तीत नारळ होता आणि चक्क लिचीही होती. जानेवारी 2025 मध्ये त्यांनी ती छाटली आणि नारळ, लिची, चेस्टनट अशी कित्येक नावे वगळली. नारळाच्या रचनेत त्या महिन्यात काही बदल झाला नव्हता. बदलला तो हिशेब: किती लोकांना त्याने खरोखर त्रास होतो, आणि इशारे फार झाले की कोणी वाचत नाही. खोडी काढणाऱ्याला हे ऐकून आनंद होईल की अस्सल शास्त्रीय नट असलेला चेस्टनटच या नव्या यादीतून बाहेर पडला.

आता स्वयंपाकघराकडे येऊ, कारण सर्वांत जास्त टीका त्याच्याच वर्गवारीवर होते. तिथला नियम सांगितला जात नाही, पण तो ठाम आहे: कोरडा, मोठा, तेलकट दाणा, जो सरळ किंवा भाजून खाता येतो. या नियमात कवच कोणाचे याला महत्त्व नाही. अंकुराच्या दळांत तेल साठवणारा बदाम, अक्रोड, काजू आणि शेंगदाणा यात येतात, आणि अंकुराबाहेरच्या साठ्यात तेल ठेवणारा चिलगोजा आणि सुके खोबरेही येतात. या सगळ्यांना वाटून दाटपणा आणता येतो, सगळे भाजले की वास बदलतो, सगळे ठेवून दिले की खवट होतात. अक्रोड यात सर्वांत नाजूक, कारण त्याच्या तेलाचा बराच भाग हवेशी लवकर बिघडणाऱ्या प्रकारचा आहे. खोबऱ्याचे तेल त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे, जवळजवळ सगळे संपृक्त. म्हणून 'नट हृदयाला चांगले' असे जे सरसकट छापले जाते त्यात खोबऱ्याला ओढता येत नाही. स्वयंपाकघराची वर्गवारी चव आणि पोत यांबद्दल अचूक बोलते, पथ्याबद्दल नाही.

आणि तरी मला वाटते, या स्वयंपाकघरी यादीमागे निसर्गातली एक खरी गोष्ट आहे. ज्या रोपाला दाट सावलीत, पालापाचोळ्याखालून डोके वर काढायचे आहे त्याला आईकडून भरपूर शिदोरी लागते, आणि थोड्या जागेत जास्तीत जास्त शिदोरी भरायची तर तेलाइतके सोयीचे काही नाही. पिष्टाच्या दुप्पट ऊर्जा त्यात मावते. पण तेलाने भरलेली बी ही प्रत्येक उंदराची आणि पाखराची मेजवानी असते. तेव्हा ती वाचवायची कशी? हेझलनट, चिलगोजा आणि ब्राझील नट लाकडी कवच बांधतात. काजू आणि बिब्बा कवचात जाळणारे तेल भरतात. रानटी बदाम चावल्यावर सायनाइड सोडतो. ज्या गोड बदामाला आपण पौष्टिक म्हणतो तो एका जनुकातल्या बदलामुळे विषाची भट्टी बंद पडलेला वंश आहे, आणि तो बदल नेमका कुठला हे 2019 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. भुईमुगाने तर बीच पुरून ठेवली. ओक आणि अक्रोड यांनी चोरालाच कामाला लावले. खारी आणि पक्षी त्यांची फळे हिवाळ्यासाठी जागोजाग पुरतात, सगळी त्यांना परत सापडत नाहीत, आणि विसरलेल्या ठिकाणी झाड उगवते. अडचण एक, उत्तरे अनेक. म्हणून नट हा शब्द एखाद्या घराण्याचे आडनाव नाही. सारख्या संकटात सापडलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांचा तो जमाव आहे.

असे असेल तर कोणी विचारेल, सुकामेवा या आपल्या शब्दाचे काय? तो नटाचा प्रतिशब्द म्हणून सर्रास वापरला जातो, पण त्याची वाटणी निराळ्याच रेषेवर होते. त्यात काजू-बदामांबरोबर मनुका, बेदाणे, खारीक, अंजीर येतात, जे सुकवलेले गर आहेत, बिया नव्हेत. शेंगदाणा मात्र त्यात कोणी धरत नाही. तेलात तो काजूपेक्षा कमी नाही, प्रथिनांत बदामाच्या पुढेच आहे, पण तो इथल्या शेतात पिकतो, पोत्याने मिळतो आणि स्वस्त असतो. 'गरिबांचे बदाम' या म्हणण्यात कौतुकही आहे आणि पायरीही दाखवलेली आहे. सुकामेवा ही मुळात व्यापाऱ्याची वर्गवारी: दूरवरून येणारे, न नासणारे, महाग. मेवा हा शब्दच फारसी, व्यापाराच्या वाटेने आलेला.

शेंगदाण्याला मान मिळतो तो वेगळ्याच यादीत, उपासाच्या. एकादशीला मूग चालत नाही, तूर चालत नाही, हरभरा चालत नाही; भुईमूग चालतो, इतकेच नव्हे तर साबुदाण्याची खिचडी त्याच्या कुटाशिवाय होतच नाही. नावात मूग, कुळ मुगाचे, शेंग मुगासारखी, आणि तरी परवानगी. कुळाच्या दृष्टीने ही सरळ विसंगती आहे. पण त्याच ताटातल्या बाकीच्या वस्तू पाहा: ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कसावा, बटाटा, रताळे, हिरवी मिरची. हे सगळे अमेरिका खंडातून इकडे आले, भुईमुगासारखेच. कोणती धान्ये आणि कडधान्ये वर्ज्य हे बऱ्याच आधी ठरून गेले होते, आणि नंतर आलेल्या पाहुण्यांची नावे त्या यादीत नव्हती. त्यामुळे मुगाला अडवणाऱ्या दारातून भुईमूग सरळ आत आला, आणि आजही त्याला तिथे कोणी कुळ विचारत नाही.